दोन बोके आणि एक कावळा: महाभारतातल्या प्राण्यांच्या गोष्टी वाचायच्या कशा?



आजचं चिंतन नेहमीपेक्षा लांबलंय. लोकलमध्ये बसायला जागा मिळाली असेल तर आत्ता वाचा, नाहीतर रात्री जेवणं झाल्यावर निवांत वाचा.

आपलं महाभारताचं रोजचं वाचन सध्या कर्णपर्वात आहे. परवा हंस आणि कावळ्याची गोष्ट आली, तेव्हा तुमच्यापैकी काहींनी विचारलं, "ताई, ऐन युद्धात ही कावळ्याची गोष्ट कशाला? इसापनीती वाचतोय असं वाटलं." प्रश्न अगदी रास्त आहे. या गोष्टीशी माझा स्वतःचाही एक जुना हिशेब आहे, त्यामुळे उत्तर द्यायला दोन दिवस घेतले.

आपण गोष्टी वाचायला शाळेत शिकलो. गोष्ट संपली की खाली जाड अक्षरात 'तात्पर्य'. परीक्षेत दिलेल्या मुद्द्यांवरून गोष्ट लिहायची, शेवटी तात्पर्य लिहायचं, की मार्क मिळाले. त्यामुळे मनात एक पक्कं बसलंय की गोष्ट म्हणजे नारळ आणि तात्पर्य म्हणजे खोबरं. फोडायचा, खोबरं काढून घ्यायचं, करवंटी टाकून द्यायची. खरं तर इसापच्या गोष्टींखालच्या त्या ओळी पुष्कळदा गोष्टी गोळा करणाऱ्यांनी मागाहून जोडलेल्या आहेत. गोष्ट आधीपासून होती, तात्पर्य नंतर आलं.

महाभारतात मात्र जवळजवळ प्रत्येक गोष्ट कुणीतरी कुणालातरी सांगत असतं. सांगणाऱ्याला नाव आहे, ऐकणाऱ्याला नाव आहे आणि त्या दोघांमध्ये त्या क्षणी काहीतरी चाललेलं आहे. ते सोडून नुसती गोष्ट उचलली तर आपण अर्धंच वाचलं. आज तीन गोष्टी घेऊ. पहिली उद्योगपर्वातली, दुसरी कर्णपर्वातली, तिसरी शांतिपर्वातली.

पहिला बोका: दुर्योधनाने पाठवलेला

कुरुक्षेत्रावर दोन्ही बाजूंच्या छावण्या पडल्या आहेत. शिष्टाई फसली आहे. दुर्योधन शकुनीच्या मुलाला, उलूकाला बोलावतो आणि पांडवांकडे निरोप घेऊन पाठवतो. निरोप कसला, शिव्यांची यादीच ती. त्यात युधिष्ठिरासाठी खास एक गोष्ट आहे. नारदांनी ती आपल्या वडिलांना सांगितली होती, असंही दुर्योधन वर सांगतो.

गोष्ट अशी. गंगेच्या काठी एक बोका दोन्ही हात वर करून तप करत उभा राहिला. बरेच दिवस तसाच उभा. आधी पक्ष्यांचा विश्वास बसला, मग उंदरांचा. उंदीर म्हणाले, आपल्याला शत्रू फार, यालाच आपला मामा करू, हा आपल्या म्हाताऱ्या-लहानग्यांना सांभाळेल. बोका म्हणाला, तप आणि तुमचं रक्षण दोन्ही एकदम कसं जमेल मला कळत नाही, पण तुमच्यासाठी करीन. फक्त तपाने अंगात ताकद उरलेली नाही, तेव्हा मला रोज नदीवर नेत जा. उंदरांनी आपली पिल्लं आणि म्हातारे त्याच्या हवाली केले. पुढे काय झालं ते सांगायला नको. बोका गुबगुबीत होत गेला आणि उंदीर कमी होत गेले. (मराठीत आपण 'मामा बनवणं' म्हणतो ना, तेच इथे झालं. उंदरांनी बोक्याला मामा केलं आणि बोक्याने उंदरांना मामा बनवलं.)

शेवटी एका म्हाताऱ्या उंदराने डोकं चालवलं. तो म्हणाला, मामाला धर्माशी काही देणंघेणं नाही. जो कंदमुळं आणि फळं खातो त्याच्या विष्ठेत केस कसे सापडतील? त्याचं अंग भरतंय आणि आपली संख्या घटतेय. एवढं ऐकून उंदीर पळाले आणि बोकाही आल्या वाटेने निघून गेला.

दुर्योधनाचं तात्पर्य: युधिष्ठिरा, तू तो बोका आहेस. तोंडाने धर्म म्हणतोस आणि सैन्य गोळा करतोस.

आता थांबा आणि त्या म्हाताऱ्या उंदराची कसोटी दुर्योधनाच्याच आरोपाला लावून बघा. कोण जाड झालं आणि कोण कमी झालं? पांडव तेरा वर्षं वनात आणि अज्ञातवासात काढून आले, त्या काळात राज्य कुणी भोगलं? निदान पाच गावं द्या, ही मागणी कुणी धुडकावली? गोष्टीतच दिलेल्या मापाने मोजलं तर बोका सांगणाऱ्याच्या घरात सापडतो.

म्हणजे दुर्योधन खोटा, विषय संपला? इतकं सोपं नाही. पुढे द्रोणपर्वात अश्वत्थाम्याच्या मरणाची ती अर्धी खरी बातमी युधिष्ठिराच्या तोंडून जाते. द्रोणाचार्य शस्त्र का ठेवतात? दुसरं कुणी बोललं असतं तर त्यांनी विश्वास ठेवला नसता. युधिष्ठिर खोटं बोलत नाही, या नावलौकिकावर ते फसले. हात वर करून उभ्या असलेल्या बोक्यावर उंदीर असेच फसले होते. शत्रूने दगड म्हणून फेकलेल्या गोष्टीतही आपला चेहरा दिसू शकतो. युधिष्ठिराला त्या दिवशी ही गोष्ट आठवली असेल का, हे व्यासांनी सांगितलेलं नाही. मला मात्र तो प्रसंग वाचताना ती आठवते.

तमिळनाडूत मामल्लपुरमला, म्हणजे आपण ज्याला महाबलीपुरम म्हणतो तिथे, कधी गेलात तर ७व्या शतकातलं पल्लवांच्या काळातलं मोठं दगडी शिल्प नीट बघा. कुणी त्याला अर्जुनाचं तप म्हणतात, कुणी गंगावतरण. त्यात एक तपस्वी एका पायावर, हात डोक्यावर जोडून उभा आहे. आणि खालच्या बाजूला, सहज नजर चुकेल अशा जागी, एक मांजर मागच्या पायांवर उभं राहून तसेच पुढचे पाय वर करून तप करतंय आणि भोवती उंदीर आहेत. खरा तपस्वी आणि ढोंगी मांजर एकाच शिळेवर, एकाच आसनात! नुसतं आसन बघून फरक कळत नाही, हे त्या शिल्पकारांनी तेव्हाच दाखवून ठेवलंय. फरक ओळखायचा तर म्हाताऱ्या उंदरासारखं परिणामाकडे बघावं लागतं. आज रील्सवर रोज नवे महाराज दिसतात, तिथेही ही कसोटी चालते: यांच्या आसपासची माणसं वाढतायत की झिजतायत?

कावळा: शल्याने सांगितलेला

आता कर्णपर्व. युद्धाचा १७वा दिवस. कर्ण सेनापती आहे आणि त्याच्या रथावर सारथी म्हणून मद्र देशाचा राजा शल्य बसलेला आहे. शल्य म्हणजे माद्रीचा भाऊ, नकुल-सहदेवांचा सख्खा मामा. (महाभारतात मामा मंडळींनी बरंच काही घडवलंय!) तो खरं तर पांडवांकडे निघाला होता. वाटेत दुर्योधनाने गुपचूप त्याची इतकी बडदास्त ठेवली की यजमान कोण हे न कळता त्याने वर देऊन टाकला आणि शब्दात अडकला. नंतर युधिष्ठिराने त्याला गाठून एक विनंती केली: कर्णाचं सारथ्य तुमच्याकडे येईल, तेव्हा त्याचं तेज कमी होईल असं बोला. हे करण्यासारखं काम नाही हे युधिष्ठिराला माहीत होतं, तसं तो बोलूनही दाखवतो. तरी विनंती करतो.

तर शल्याच्या तोंडची गोष्ट ही अशी आहे. समुद्रकाठी एक श्रीमंत वैश्य राहत होता. त्याच्या मुलांच्या पानातलं उरलेलं दही, दूध, खीर, मध, तूप खाऊन एक कावळा पोसला गेला. एकदा मानस सरोवराकडचे हंस तिथे उतरले. पोरं कावळ्याला म्हणाली, तूच सगळ्या पक्ष्यांत श्रेष्ठ. त्याला ते खरं वाटलं. त्याने हंसांना उडण्याच्या पैजेचं आव्हान दिलं आणि सांगितलं, मी १०१ प्रकारे उडतो, एकेका प्रकाराने शंभर शंभर योजनं जाईन. एक हंस म्हणाला, बाबा, मला एकच प्रकार येतो, जो सगळ्या पक्ष्यांना येतो तोच.

उड्डाण सुरू झालं. कावळ्याच्या कसरती बघून बाकीचे कावळे खूश, हंस तर मागेच राहिल्यासारखा दिसतोय. मग हंस पश्चिमेला समुद्रावरून निघाला. खाली फक्त पाणी. ना बेट, ना झाड, ना बसायला जागा. कावळा दमला, खाली खाली येत गेला, पंख आणि चोच पाण्याला लागायला लागली. हंसाने थांबून विचारलं, तू एवढे प्रकार सांगितलेस, त्यात हा नव्हता. पंखाने आणि चोचीने पुन्हा पुन्हा पाण्याला शिवत उडण्याच्या या प्रकाराला म्हणतात तरी काय?

तेव्हा बुडता बुडता कावळा स्वतःच कबूल करतो: उष्टं खाऊन मी माजलो, स्वतःला गरुड समजलो, दुसऱ्यांना तुच्छ लेखलं. मला किनाऱ्याला ने, परत कुणाला कमी लेखणार नाही. हंस त्याला पायांनी उचलून पाठीवर घेतो आणि जिथून उडाले होते तिथे आणून सोडतो.

शल्याचं तात्पर्य: कर्णा, तू तो कावळा. कौरवांच्या उष्ट्यावर पोसलेला.

इथे माझी गोष्ट सांगते. तीन वर्षांपूर्वी माझ्या धाकट्या भावाने चांगली नोकरी सोडली आणि स्वतःचं काहीतरी करायचं म्हणून घरी आला. आठ-नऊ महिने झाले, पैसे येत नव्हते, आणि जेवताना रोज नवा प्लॅन. एका रात्री तो ताटावर बसून बोलत होता. आई पोळ्या वाढत होती. मी म्हणाले, "थांब, तुला महाभारतातली एक गोष्ट सांगते." आणि हीच गोष्ट सांगितली. १०१ प्रकार सांगताना मी आवाजसुद्धा काढला. कावळ्याची चोच पाण्याला लागली तिथे आणून थांबले आणि 'उष्टं' हा शब्द मुद्दाम दोनदा उच्चारला. बाबा हसले. भाऊ हसला नाही. त्याने अर्धी पोळी ताटात ठेवली, ताट उचलून बेसिनमध्ये नेऊन ठेवलं आणि झोपायला गेला. पुढच्या महिन्यात तो दुसऱ्या शहरात राहायला गेला. भांडण झालं नाही. फक्त फोन आईमार्फत होऊ लागले.

मला तेव्हा वाटत होतं, मी चुकीचं काय बोलले? शास्त्रातली गोष्ट सांगितली. खरं तेच सांगितलं. त्यानंतर बऱ्याच दिवसांनी कर्णपर्व पहिल्यापासून नीट वाचलं, तेव्हा पहिल्यांदा मला सांगणारा दिसला. मी हंसाची बाजू घेतेय असं समजत होते. पण त्या रात्री मी शल्याच्या जागी बसले होते. ज्याने आपल्याच रथात बसलेल्या माणसाचं तेज कमी करण्याचं काम अंगावर घेतलंय, त्याची ती गोष्ट होती.

एकदा सांगणारा दिसला की गोष्टीतलं बाकीचंही दिसायला लागतं. बघा:

कावळ्याला बिघडवलं कुणी? त्या वैश्याच्या मुलांनी. त्यांनी त्याला फुगवलं आणि पैज लागल्यावर त्यांचं नावही परत येत नाही. शल्याने तात्पर्य सांगताना बोट कावळ्याकडे दाखवलं. गोष्ट मात्र कर्णाला फुगवून अर्जुनासमोर उभं करणाऱ्या दुर्योधनावरही तितकीच बसते.

'उष्टं' हा शब्द गोष्टीच्या आत कोण उच्चारतं? स्वतः कावळा, आणि तोही बुडताना. स्वतःच्या तोंडून आला की तो पश्चात्ताप होतो. तोच शब्द शल्याच्या तोंडून आला की टोमणा होतो. शब्द तोच आहे, पण तो बोलायचा अधिकार कुणाचा हे बदललं की अर्थ बदलतो.

आणि हंस? त्याने एक बोचरा प्रश्न विचारला हे खरं. पण तो प्रश्न विचारायला तो मागे फिरून थांबला होता. पुढे निघून गेला असता तरी पैज त्यानेच जिंकली होती. कावळ्याने हात जोडल्यावर त्याने आणखी भाषण दिलं नाही, उचललं. या गोष्टीतलं सगळ्यात मोठं काम तेच आहे. शल्य ते सांगतो खरं, पण त्याच्या तात्पर्यात त्याला जागा नाही. मी तर ते सांगितलंही नव्हतं.

कर्ण यावर काय करतो तेही वाचण्यासारखं आहे. तो चिडतो, मद्र देशाच्या लोकांना वाट्टेल ते बोलतो. पण त्याच उत्तरात तो आपल्याला मिळालेले शाप सांगून टाकतो, परशुरामांचा आणि त्या ब्राह्मणाचा. आयुष्यभर उराशी बाळगलेली भीती तो अशा माणसापुढे बोलतो, जो त्याला खाली ओढायलाच बसला आहे. त्याच दिवशी कर्ण पडतो. एखाद्याला गोष्टीने घायाळ केलं की कधीकधी तो मनातलं सगळ्यात खोल बोलून जातो, आणि समोर ते नीट ऐकून घेणारं कुणी नसतं.

दुसरा बोका: भीष्मांनी सांगितलेला

युद्ध संपलं. युधिष्ठिर जिंकलाय पण त्याला राज्य नकोसं झालंय. शरशय्येवरचे भीष्म त्याला राजधर्म सांगतायत. आपद्धर्माच्या भागात तो विचारतो, चारी बाजूंनी शत्रूंनी वेढलेल्या माणसाने काय करावं? आणि भीष्म उत्तरादाखल गोष्ट सांगतात ती पुन्हा एका बोक्याची आणि उंदराची! दुर्योधनाने ज्याला बोका म्हणून हिणवलं होतं, त्याच युधिष्ठिराला.

एका वडाच्या मुळाशी पलित नावाचा उंदीर शंभर तोंडांचं बीळ करून राहायचा. वर फांद्यांवर लोमश नावाचा बोका. रोज संध्याकाळी एक पारधी जाळं लावून जायचा आणि पहाटे येऊन बघायचा. एका रात्री लोमश जाळ्यात सापडला. पलित निर्धास्त होऊन हिंडायला लागला, जाळ्यावर चढून आमिषाचं मांसही खाल्लं. तेवढ्यात खाली मुंगूस दिसलं आणि वर झाडावर घुबड. खाली उतरला तर मुंगूस, वर गेला तर घुबड, आणि पायाखाली अडकलेला बोका.

पलितने हिशेब केला की या क्षणी बोक्याला माझी गरज आहे आणि मला त्याची. तो लोमशला म्हणाला, मला तुझ्या अंगाखाली आसरा दे, मी तुझं जाळं कुरतडतो. ठरलं. बोक्याच्या कुशीत उंदीर शिरलेला बघून मुंगूस आणि घुबड दोघंही नाद सोडून गेले. पलित जाळं कुरतडायला लागला, पण सावकाश. लोमश घायकुतीला आला: मी तुला लगेच आसरा दिला, तू का रेंगाळतोस? पलित म्हणाला, वेळेआधी केलेलं काम फळत नाही. तुला आत्ता सोडलं तर मला तुझंच भय. पारधी येताना दिसेल तेव्हा शेवटची दोरी तोडीन, तेव्हा तुला जीव वाचवण्यापलीकडे काही सुचणार नाही. आणि तसंच झालं. पहाट झाली, पारधी दिसला, दोरी तुटली. बोका झाडावर, उंदीर बिळात.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. पारधी गेल्यावर लोमश फांदीवरून हाक मारतो: अरे मित्रा, न बोलता गेलास? ये, माझ्या घरी राहा, माझे नातेवाईक तुझा मान ठेवतील. अगदी मधाळ बोलतो. पलित बिळाच्या तोंडाशी येतो, पण बाहेर येत नाही. त्याच्या उत्तराचा आशय असा: तू मला वाचवलंस, मी तुला वाचवलं. उपकार मी विसरलेलो नाही. पण आपली मैत्री ज्या कारणाने झाली ते कारण आता उरलेलं नाही. तू रात्रभराचा भुकेला आहेस आणि मी तुझं अन्न आहे. तुझं भलं होवो, पण मी येणार नाही.

ही गोष्ट वाचून काहींना वाटतं, पलित स्वार्थी आहे, मतलबी आहे. मला तसं वाटत नाही, आणि पात्राचा स्वभाव ठरवताना मी एकच बघते: शब्द दिला होता तो पाळला का? पलितने पाळला. बोका जाळ्यात असताना मुंगूस आणि घुबड गेल्यावर तो सहज पळून जाऊ शकत होता. त्याचं काम झालं होतं. तरी तो पहाटेपर्यंत तिथे बसून दोऱ्या तोडत राहिला.

तुमच्यातल्या कित्येकांचे मेसेज याच दुखण्याचे असतात. ज्या मैत्रिणीने पाठीमागे बदनामी केली ती आता परत गोड बोलतेय. ज्या बॉसने वर्षभर छळलं तो नव्या कंपनीत बोलावतोय. आणि मनात अपराधी वाटतं, कारण आपण भक्त, आपण तर क्षमा करायला हवी, परत जायला हवं. पलितकडे बघा. त्याने लोमशला शाप दिला नाही, सूड घेतला नाही, त्याच्या मदतीची जाणीवही ठेवली. आणि तरी बिळाबाहेर आला नाही. राग सोडणं आणि पुन्हा पंजाच्या टप्प्यात जाऊन बसणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे भीष्मांसारखा माणूस धर्मराजाला शिकवतोय. तेव्हा ते अधर्माचं नसावं.

मग गोष्ट वाचायची कशी?

तिन्ही गोष्टी शेजारी ठेवल्या की एक फरक दिसतो. दुर्योधन गोष्ट संपवून म्हणतो, तू तो बोका. शल्य म्हणतो, तू तो कावळा. दोघंही ऐकणाऱ्याच्या कपाळावर शिक्का मारतात. भीष्म तसं करत नाहीत. ते कसं वागावं याची दिशा सांगतात, आणि आपण पलित आहोत, लोमश आहोत की घुबड, हे ओळखायचं काम युधिष्ठिरावर सोडतात. प्रश्नही आधी युधिष्ठिराने विचारला होता. दुर्योधनाला आणि शल्याला कुणी काही विचारलेलं नव्हतं!

म्हणून पंचतंत्र असो, इसाप असो, जातककथा असोत की एखादी जुनी कादंबरी, वाचताना हे चार प्रश्न जवळ ठेवा:

१. ही गोष्ट कोण सांगतंय आणि त्याला काय हवंय?
२. कुणाला आणि कुठल्या वेळी सांगतंय? ऐकणाऱ्याने ती मागितली होती का?
३. पात्र बोलतं काय आणि करतं काय? (बोका तप करत होता. हंस बोचरं बोलला. पलितने हात आखडता घेतला. तिघांची ओळख त्यांच्या करण्यावरून पटते.)
४. सांगितलेल्या तात्पर्यात गोष्टीतलं काय राहून गेलं?

आणि पाचवा प्रश्न फक्त स्वतःसाठी: यात मी कोण? गंमत म्हणजे हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला की पहिलं उत्तर सहसा चुकीचं निघतं. मी हंस आहे असं उत्तर आलं तर जरा जास्तच वेळ थांबा.

गेल्या वर्षी आषाढीच्या आदल्या दिवशी मी भावाला फोन केला. आईमार्फत नाही, थेट. म्हणाले, त्या रात्रीच्या गोष्टीचा शेवट मी सांगितला नव्हता. हंस कावळ्याला पाठीवर घेऊन परत आणतो. तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "ताई, शेवट मी नंतर वाचला होता. मला वाटलं, तुलाच माहीत नसेल." मग आम्ही पावसाबद्दल बोललो, त्याच्या भाड्याच्या घरातल्या गळतीबद्दल बोललो. सगळं ठीक झालंय असं मी म्हणणार नाही. पण आता फोन थेट येतो.

आजचा अभ्यास

आज कुणालातरी ऐकवावीशी वाटणारी एक गोष्ट, सुविचार किंवा फॉरवर्ड तुमच्या हाताशी असेलच. पाठवण्याआधी वरचे पहिले दोन प्रश्न स्वतःला विचारा. समोरच्याने मागितलेली नसेल आणि तुमच्या मनात त्याला गप्प करायची इच्छा असेल, तर आज ती पाठवू नका. त्याऐवजी तीच गोष्ट एकदा स्वतःसाठी, शेवटपर्यंत वाचा.

प्रार्थना

पांडुरंगा, ग्रंथ वाचून माझी जीभ धारदार होऊ देऊ नकोस. बोका ओळखण्याची नजर दे, कावळ्यासारखं चुकल्यावर कबूल करण्याचं बळ दे, आणि कुणी बुडताना दिसलं तर आधी उचलण्याची बुद्धी दे.

उद्या कर्णाच्या रथाचं चाक जमिनीत रुततं तो भाग घेऊ. त्याआधी आजची तिसरी गोष्ट मनात ठेवा, उपयोगी पडेल.

रामकृष्णहरी!